समोरचं दार

आग दुपारी लागली, शिवणाऱ्या बायका जेवायला खाली गेल्या होत्या तेव्हा. कुणाची तरी इस्त्री चालू राहिली. बंब येईपर्यंत शिवणघराचं छत कोसळलं होतं. माणसं सगळी सुखरूप होती, पण वसंतातल्या प्रदर्शनासाठी शिवलेले कपडे, रेशमाचे तागे, नमुने, सगळं गेलं. जे जळलं नाही ते पाण्यानं नासलं.

लेओंतीन कार्व्हेस फुटपाथच्या कडेला बसून राहिली. तिच्या हातात कात्री होती. ती कधी उचलली ते तिलाच आठवत नव्हतं. टोप्या शिवण्यापासून सुरुवात करून तिनं पॅरिसमध्ये स्वतःच्या नावाची पाटी लावली होती. पाटी अजून शाबूत होती. ते बघून तिला जास्तच रडू आलं.

तेवढ्यात समोरचं दार उघडलं आणि जिल्बेर्त रोकवेल रस्ता ओलांडून आली. साठीची, ताठ पाठीची बाई. तिचंही दुकान कपड्यांचंच, आणि लेओंतीनपेक्षा कितीतरी जुनं. गिऱ्हाईक एकीच्या दारातून निघून दुसरीकडे शिरलं की दोघी पडद्याआडून बघायच्या. इतक्या वर्षांत त्यांच्यात ‘बोंजूर’ या नमस्कारापलीकडे शब्द गेला नव्हता.

“ऊठ,” जिल्बेर्त म्हणाली. “रस्त्यात बसून शोक करायला तू काय भाजीवाली आहेस? चल, कॉफी घे आधी. मग रड हवं तेवढं.”

कॉफी झाल्यावर तिनं लेओंतीनला जिन्यानं वर नेलं. तिसरा मजला रिकामा केलेला होता. लांब टेबलं, शिवणयंत्रं, कपडे चढवून बघायचे उभे पुतळे, खिडकीतून भरपूर उजेड.

“तुझ्या बायकांना उद्यापासून इथे बोलव. कापड माझ्या व्यापाऱ्याकडून उचल, मी निरोप धाडलाय.”

“मादाम, पण मी तर तुमची…”

“माहीत आहे काय आहेस ते. माझी लग्नाच्या पोशाखांची दोन गिऱ्हाइकं पळवलीस गेल्या वर्षी. विसरले नाहीये मी.”

दुसऱ्या दिवशी बायका आल्या. जिन्यात रोज गाठ पडायची आणि टोमणे उडायचे. “बाई गं, हे टाके की गोणी शिवलीस?” जिल्बेर्तकडची, खालच्या मजल्यावरची म्हणायची. “गोणीच. तुमच्या मापाची!” वरची उत्तर द्यायची. पण प्रदर्शन तोंडावर आलं आणि मणी लावायचं काम संपेना, तेव्हा खालच्या बायका आपलं काम उरकून न सांगता वर येऊन बसल्या. लेओंतीन सुईत दोरा ओवत होती. डोळे भरल्यामुळे तिला सुईचं नेढंच दिसेना.

प्रदर्शन जिल्बेर्तच्याच दालनात झालं. दारात जिल्बेर्त स्वतः उभी. एका सरदारीणबाईंनी विचारलं, “दोन्ही दुकानं एक झाली की काय?”

“छे! पाहुणी आहे माझी. आत जा आणि नीट बघा. पुढच्या वेळी पुन्हा माझीच निंदा करायचीय तुम्हाला तिच्याकडे.”

त्या दिवशी जेवढ्या ऑर्डरी आल्या तेवढ्या लेओंतीनला पूर्वी कधी मिळाल्या नव्हत्या. माणसं पांगल्यावर तिनं शेवटी विचारलंच, “तुम्ही हे का केलंत?”

“मी दुकान काढलं तेव्हा नवरा नुकताच गेला होता. या गल्लीत एकीनंही दार ठोठावून विचारलं नाही, बाई, जगतेस की मेलीस. ते माझ्या मनात राहिलं.” मग म्हणाली, “आणि तू बुडालीस तर सकाळी उठून मी चिडू कुणावर?”

काही वर्षांनी लेओंतीनला स्वतःचं अत्तर काढावंसं वाटलं. ती दक्षिणेत ग्रास या अत्तरांच्या गावी गेली, बार्तेलेमी ईस्नार नावाच्या अत्तर बनवणाऱ्याकडे.

“कसलं हवंय? गुलाबाचं? मोगऱ्याचं?”

“मला एका बाईचे आभार मानायचेत.”

ईस्नारनं नाक चोळलं. “आभाराचा वास मी अजून घेतलेला नाही. सांगा बघू.”

तिनं तो तिसरा मजला सांगितला. गरम इस्त्रीखालचं सुती कापड, जिन्यातून वर येणारा कॉफीचा वास, जिल्बेर्त सतत चघळायची त्या व्हायोलेट फुलांच्या वासाच्या गोड गोळ्या. ईस्नारनं कित्येक नमुने फेकून दिले. शेवटी एक कुपी उघडली आणि लेओंतीन म्हणाली, “हेच.”

तिला त्या अत्तराला ‘जिल्बेर्त’ हेच नाव द्यायचं होतं. म्हातारी उसळली. “बाटलीवर माझं नाव? लोक म्हणतील, गेली बिचारी!” मग लेओंतीननं नाव ठेवलं ‘समोरचं दार’.

पुढे मंदी आली, कपडे कुणी शिवेना, तेव्हा त्या कुपीनं तिचं दुकान तारलं. जिल्बेर्तचे हात तोवर थरथरू लागले होते. तिनं दुकान बंद केलं तेव्हा तिच्या सगळ्या बायकांना लेओंतीननं आपल्याकडे घेतलं, आणि खिडकीशी एक मऊ खुर्ची मांडली. जिल्बेर्त रोज सकाळी येऊन तिथं बसायची आणि येणाऱ्याजाणाऱ्या प्रत्येक झग्याला नावं ठेवायची.

“ही बाही बघ. कोपर आहे की भोपळा?”

“उसवते, मादाम,” लेओंतीन म्हणायची, आणि खरंच उसवायला बसायची.