गोठ्यातला नाग

वहिनी धर्मी वारली तेव्हापासून सोमी रोज दुपारी भावाला, लडकूला, फोन करायची.

"जेवलास का रं दादा?"

"जेवलो."

"काय जेवलास?"

"भात."

त्यापुढे बोलणं सरकत नसे. मग कुणीतरी फोन ठेवायचं.

एका दुपारी फोन वाजला आणि लडकूला 'जेवलो' एवढंसुद्धा म्हणावंसं वाटेना. त्याने फोन वाजू दिला. फळीवर जुन्या लग्नपत्रिकांचा गठ्ठा पडला होता. त्यातली एक काढून तिच्या कोऱ्या पाठीवर त्याने पेनाने जुन्या घरातली चूल काढली. चुलीशेजारचा वैल काढला, वर सुक्या मासळीची टोपली टांगली. रसायनीच्या एका कारखान्यात पिंपांवर नावं रंगवण्यात त्याचा जन्म गेला होता, त्यामुळे रेघ सरळ यायची. चित्राचा फोटो काढून त्याने तिघा भावंडांच्या ग्रुपवर टाकला. मी ठीक आहे, एवढंच त्याला कळवायचं होतं.

थोड्या वेळाने ग्रुपवर सोमीचा आवाज आला. खालापूरच्या अलीकडे तिचं सासर. "अरं दादा! ही तर आपली चूल! पर टोपली डावीकडं व्हती, मांजराच्या भ्यानं."

मागोमाग धाकट्या मंगळ्याचा आवाज. तो कर्जतला टेंपो चालवायचा, पाठीमागे हॉर्न वाजत होते. "डावीकडं नाय, उजवीकडंच. सोमे, तुला डावं-उजवं कधी कळलंय गं?"

दोघं संध्याकाळपर्यंत टोपलीवरून भांडले. लडकू ऐकत बसला. त्या दिवशी तो भाताबरोबर कालवणही जेवला.

मग रोज दुपारी एक पत्रिका निघू लागली. वाकडा उंबर, बाबाचं इरलं, शिंगमोडकी म्हैस. रोज भांडण व्हायचं, रोज काहीतरी नवं निघायचं. म्हशीने मंगळ्याची चड्डी खाल्ली होती हे लडकूला ठाऊकच नव्हतं. तेव्हा तो कारखान्यात पाळीवर असायचा.

आई लवकर गेली होती. म्हणून तर लडकूचं लग्न घाईने केलं. धर्मी कर्जतकडच्या कोंडाण्याहून नवरी होऊन आली तेव्हा सोमीला अजून दोन वेण्यांना रिबिनी लागायच्या आणि मंगळ्या चड्डी घालायला कंटाळायचा. दोघांना तिनेच वाढवलं. लडकू कंपनीच्या बसने जाई, बसने येई. घरात दिवसभर काय चालतं ते त्याला कुणी सांगितलं तर कळायचं.

या सगळ्या चित्रांत धर्मी मात्र कुठेच नव्हती. चुलीपुढचा पाट रिकामा, विहिरीवरचा रहाट रिकामा. तिला काढायला म्हणून तो पेन टेकवायचा आणि डोळ्यांपुढे यायची ती दवाखान्यातली धर्मी. नाकात नळी, गालफडं बसलेली, ओठ सुकलेले. त्याआधीची धर्मी त्याला दिसतच नव्हती. आधार कार्डावरचा फोटो बघितला, तो तर कुणाचाही असावा तसा होता. मुलाच्या, जितेशच्या लग्नातल्या फोटोत तिचे डोळे मिटलेले. एवढ्या वर्षांचा संसार आणि आपल्याजवळ फक्त शेवटचा आजार उरला, या भीतीने त्याचा हात थांबायचा. ही गोष्ट तो कुणाला बोलला नव्हता.

श्रावण लागला तेव्हा त्याने नागपंचमीचा पाट काढला. गंधाने काढलेला नाग, त्याची पिल्लं, पुढे लाह्या. पाठीमागे गोठ्याचा कोपरा आणि तिथली दगडी डोणी, गुरांच्या पाण्याची. खाली लिहिलं, 'आपल्या गोठ्यात नागोबा आला होता ते वर्ष.'

मग मंगळ्याने काहीतरी पाठवलं आणि लडकूने बघायच्या आत पुसून टाकलं. मग सोमीने पाठवलं, तेही पुसलं. लडकूने मंगळ्याला फोन लावला.

"काय पुसताय रं दोघं?"

"काय नाय दादा." मंगळ्याला खोकल्यासारखं झालं. "आमी रविवारी येतो. सोमीला टेंपोतून घेऊन येतो."

रविवारी दोघं आली. सोमीने हळदीच्या पानात उकडलेल्या पातोळ्या आणल्या होत्या. जेवणं झाली, पत्रिकांचा गठ्ठा मधे घेऊन तिघं ओटीवर बसले. सोमीने एकेक चित्र डोळ्यांजवळ धरून पाहिलं.

"दादा, यांत सगळी हायत. म्हैस हाय, मांजर हाय. वैनी कुठं हाय?"

लडकूने चित्रं गोळा करून गठ्ठा सरळ केला. मग म्हणाला, "मला ती दवाखान्यातलीच दिसते गं. दुसरी दिसतच नाय. कितीदा बसलो."

सोमीने भावाच्या गुडघ्यावर हात ठेवला. मंगळ्या उठला, पुन्हा बसला.

"सोमे, सांग त्याला."

"तू सांग. भूक तुला लागली व्हती."

"काय सांगायचंय?" लडकू म्हणाला.

"दादा, गोठ्यात नाग आलाच नव्हता," मंगळ्या म्हणाला.

"येडा का तू? धोंडूकाकीनं सोताच्या कानांनी फूत्कार ऐकला!"

"तेच तर सांगतोय."

ती धर्मीची पहिली नागपंचमी. त्या दिवशी चुलीवर तवा ठेवायचा नाही, चिरायचं नाही, तळायचं नाही. शेजारची चुलती धोंडूकाकी सगळ्या आळीवर पहारा ठेवून असायची. पूजा होऊन तिच्या पातोळ्या येईपर्यंत कुणी काही खायचं नाही. उन्हं कलायला आली आणि मंगळ्याने रडून घर डोक्यावर घेतलं.

"वैनी म्हणली, नागोबा काय पोराच्या पोटावर बसलाय का?" सोमी सांगू लागली. "गोठ्यात तीन दगड मांडले, तवा ठेवला नि भाकरी टाकली. मला दारात उभी केली. आणि तेवढ्यात काकी! 'तव्याचा वास कुठनं येतो गं?' मी पळत आत. वैनीनं भाकरी ह्याच्या हातात कोंबली, पदरानं तवा उचलला नि टाकला डोणीत."

"तापलेला तवा!" मंगळ्या मांडीवर थाप मारून म्हणाला. "असा फुसकारला, असा फुसकारला! काकी दारातच थिजली. 'नागोबा, नागोबा!' म्हणत जमिनीवर डोकं टेकलं आणि दूध आणायला पळाली. मी डोणीमागं भाकरी खात बसलेलो. निम्मी कच्ची व्हती."

"आन वैनीनं आमच्याकडनं गळ्याची शपथ घेतली. दादाला सांगायचं नाय."

लडकू हसला नाही. तो गोठा जिथे होता तिकडे बघत होता. आता तिथे जितेशची मोटारसायकल उभी असते.

"त्या दिवशी मी पाळीवरनं आलो," तो हळूहळू म्हणाला. "काकीनं मला रस्त्यातच धरलं. मी घरात न जाता आधी गोठ्यात गेलो. डोणीला हळद-कुंकू वाहिलं, लोटांगण घातलं."

"डोणीला?" मंगळ्याने तोंड दाबलं.

"घरात आलो तर ही भिंतीकडं तोंड करून बसलेली. खांदे गदागदा हलत व्हते. मी म्हणलं, रडते. पहिल्या नागपंचमीला सगळ्या पोरी माहेरी जातात आणि हिला जाता आलं नाय, घरात तुमी दोघं लहान. मला लय वाईट वाटलं. दुसऱ्या दिवशी रजा टाकली, तुमाला काकीकडं ठेवलं आणि सायकलवर बसवून कोंडाण्याला नेली."

"आठवतंय," सोमी म्हणाली.

"वाटंभर ही मागं माझ्या पाठीला डोकं लावून हलत व्हती. मी म्हणायचो, रडू नको गं, आलंच तुझं घर. तशी जास्तच हलायची. मी आणखी जोरात पायडल मारायचो. एवढी वर्षं मला वाटत व्हतं, बायकोचं दुःख मी न सांगता ओळखलं. आयुष्यात तेवढं एक काम मला जमलं, असं."

सोमीला वाटलं आपण उगाच सांगितलं.

आधी लडकूचं पोट हललं. मग खांदे. मग ओटीच्या खांबाला टेकून तो इतका हसला की डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. पुसलं तरी ते थांबेना आणि हसणंही थांबेना. "डोणीला लोटांगण," तो म्हणायचा आणि पुन्हा हसायचा. मंगळ्या आणि सोमी एकमेकांना धरून हसत होती.

श्वास जागेवर आला तसा त्याने पत्रिका ओढली. सायकल काढली. हँडलवर वाकलेला, दात-ओठ खाऊन पायडल मारणारा एक तरणा बाप्या काढला. मागे कॅरियरवर धर्मीचे पाय आले, लुगड्याचा काठ आला, कमरेला धरलेला हात आला. मान आली. तिथे पेन थांबलं.

"दे इकडं," म्हणत सोमीने पेन घेतलं आणि दोन डोळे, एक तोंड काढून टाकलं.

"ही तर तूच झालीस," मंगळ्या म्हणाला. "वैनीचे दात असे बाहेर व्हते का? आन नाकात फुली नाय. आन ती तोंड उघडून नाय हसायची."

"व्हय, पदर दातांत धरायची."

"दातांत नाय, मुठीत."

"दातांत!"

"सोमे, मी तिच्या कडेवर वाढलोय. मला इचार!"

लडकूने दुसरी पत्रिका घेतली आणि बहिणीच्या हातून पेन काढून घेतलं.

"गप बसा दोघं," तो म्हणाला. "मला दिसतेय."