फळीवरच्या किल्ल्या

कुलूपवाल्याला गल्लीत सगळे मुक्या म्हणत. हे नाव त्याला चौथीत असताना बाईंनी दिलं होतं. वर्गात प्रश्न विचारला की तो उभा राहायचा आणि बाकावरची एखादी रेघ न्याहाळत राहायचा. उत्तर यायचं, पण तोंड उघडायचं नाही. पुढे पन्नाशी उलटली, केस पिकले, तरी नाव चिकटलं ते चिकटलंच. अशा माणसाने एकदा, कुणी भरीला घातलेलं नसताना, आपणहून तोंड उघडलं, त्याची ही गोष्ट.

त्याच्या धंद्याची एक रीत होती. स्वतःच्या हाताने बनवलेल्या प्रत्येक कुलपाची एक जादा किल्ली तो कापून ठेवायचा. वडिलांनी लावलेली सवय. गिऱ्हाईक आज ना उद्या किल्ली हरवणार आणि दारापुढे डोक्याला हात लावून बसणार; तेव्हा दार फुटू नये, एवढाच त्यात हेतू. दुकानामागच्या खोलीत एक लांब फळी होती. तिच्यावर ओळीने खिळे, आणि खिळ्याखिळ्याला आकडा ठोकलेला पत्र्याचा बिल्ला नि किल्ली. गिऱ्हाइकाला मात्र हे सांगायचं नाही, हीसुद्धा रीतच. सांगितलं तर बिचाऱ्याची झोप उडेल. कुणी किल्ली हरवून आलं की तो म्हणे, संध्याकाळी या, बनवून ठेवतो. मग दिवसभर उगाच कानस घाशीत बसे. या थापेत काही वावगं आहे असं त्याच्या कधी मनातही आलं नाही.

बाई आता ऐंशीच्या घरात होत्या. त्यांचा पंथ लहान, गावात जेमतेम चाळीस घरं. इस्त्रीवाल्याच्या दुकानावर एक खोली होती, तिथे आठवड्यातून एकदा ही माणसं जमायची, हळू आवाजात प्रार्थना म्हणायची आणि चपला शोधत घरी जायची. कुणाच्या अध्यात नाहीत की मध्यात नाहीत. गेल्या वर्षी नियम निघाला, की जमायचं तर परवानगी हवी. परवानगी मागितली, ती मिळाली नाही. मग एकेकाला कचेरीत बोलावणं येऊ लागलं. यापुढे जाणार नाही असं लिहून द्या, म्हणत. शेजारच्या गावात ज्यांनी लिहून दिलं नाही, त्यांतल्या दोघांना शाळेच्या नोकरीवरून घरी बसवलं होतं. या गावात कोण कोण त्या पंथाचं आहे, हे मात्र कचेरीला अजून नीट ठाऊक नव्हतं.

सोमवारी बाई दुकानात आल्या आणि स्टुलावर बसल्या. खोली त्यांनी त्याच्याच हातचं कुलूप लावून बंद केली होती. आतल्या कपाटात त्यांची वही होती. साठ वर्षांचे जन्म, लग्नं, मृत्यू, सगळी नावं तीत होती. कोपऱ्यावर एक माणूस उभा असायचा आणि बाईंची पिशवी दोनदा उघडून पाहिली गेली होती. किल्ली त्यांनी आधीच भाच्याकडे दिली होती; गुरुवारी संध्याकाळी तो टेंपो घेऊन येणार होता. इस्त्रीच्या गाठोड्यांत घालून तो वही लांब नेणार होता. हे सगळं त्यांनी त्याला सांगितलं, कारण तो मुक्या होता.

"तोवर तुझं कुलूप टिकेल ना रे?" त्यांनी विचारलं. "दुसरी किल्ली नाही ना कुठे?"

"नाही बाई," तो सवयीने म्हणाला. मग वर आणखी म्हणाला, "किल्लीशिवाय ते कुणी उघडलं, तर दुकान बंद करीन मी."

गुरुवारी सकाळी अकराच्या सुमारास कचेरीतले साहेब आले. बरोबर दोन शिपाई. साहेब मवाळ बोलणारे, घामाघूम झालेले. बाईंना सकाळपासून कचेरीतल्या बाकावर बसवून ठेवलं होतं आणि किल्ली हरवली एवढंच त्या सांगत होत्या. कुलूप उघडता येईल का, असं साहेबांनी विचारलं. तो त्यांच्याबरोबर जिना चढून गेला, कुलूप हातात घेऊन पाहिलं आणि खरं तेच सांगितलं. हे किल्लीशिवाय उघडायचं नाही. सांगताना त्याला जरा अभिमानही वाटला.

"मग राहू द्या," साहेब म्हणाले. "दार फोडायला वरून कागद लागतो. तो उद्या येईल."

दुकानात परत येऊन साहेबांनी पाणी मागितलं. पाणी पिता पिता त्यांची नजर भिंतीवरच्या परवान्यावर गेली. त्यांनी त्यावरचं नाव वाचलं, मग पुन्हा एकदा वाचलं. बरीच वर्षं आहात का या गल्लीत, असं विचारलं. आवाजात धमकी नव्हती. पेला खाली ठेवून ते निघालेसुद्धा होते. एक पाय पायरीवर होता.

"फोडायला कशाला, साहेब?" कुलूपवाला म्हणाला. "चांगलं दार आहे."

साहेब थांबले. त्यांनी काहीच विचारलं नाही. तो मागच्या खोलीत गेला आणि त्रेचाळीस नंबरची किल्ली घेऊन आला.

दुपारी जेवताना त्याने बायकोला सगळं सांगितलं, वहीचंसुद्धा, आणि म्हणाला, की शेवटी दार तरी वाचलं. आज ना उद्या त्यांनी ते फोडलंच असतं. बायकोने ऐकून घेतलं, ताटं उचलली आणि नळाखाली एकच ताट बराच वेळ घाशीत राहिली.

"उद्या फोडलं असतं," ती पाठमोरीच म्हणाली. "वही तर आज जाणार होती."

संध्याकाळी टेंपो आला. तो नुसत्या कपड्यांची गाठोडी घेऊन गेला.

मग बोलावणी भराभर येऊ लागली. आता कचेरीला विचारपूस करावी लागत नव्हती. वहीतलं पान उलटायचं आणि नाव पुकारायचं. वळणावरच्या नर्सला दवाखान्याने घरी बसवलं. बसचा कंडक्टर बायकामुलांसह कुठे निघून गेला, शेजाऱ्यांनाही कळलं नाही. कुलूपवाला दुकान वेळेवर उघडायचा, पण रस्त्याकडे पाठ करून बसायचा.

पुढच्या मंगळवारी बाई आल्या. त्यांनी पिशवीतून ते कुलूप काढलं आणि त्याच्यापुढे ठेवलं. दाराला आता कचेरीचं कुलूप होतं.

"दुकान उघडं दिसलं, म्हणून आले," त्या म्हणाल्या.

त्याने मान वर केली नाही. बाई स्टुलावर बसल्या, दम खाल्ला.

"चष्मा लावून पाहिलं मी. एक ओरखडा नाही त्याच्यावर. फार छान काम आहे तुझं."

तो चौथीत उभा राहायचा तसा उभा राहिला आणि बाकड्यावरची रेघ पाहू लागला. बाईंनी त्याही वेळी कधी घाई केली नव्हती.

"एक किल्ली मी ठेवतो, बाई," तो शेवटी म्हणाला. "सगळ्यांचीच."

"त्यांनी मारलं का तुला?"

"नाही."

"काही बोलले?"

"नाही. ते चालले होते."

आपल्याला मारलं असतं तर किती बरं झालं असतं, असं त्याला त्या क्षणी वाटलं, आणि असं वाटल्याचीही लाज वाटली.

बाईंनी फळी पाहायला मागितली. त्याने मागचा दिवा लावला. त्या खिळ्यांच्या ओळीपुढून भिंतीला हात धरून चालत गेल्या. दोनशेच्या वर किल्ल्या होत्या. कोणता आकडा कुणाचा, ते त्याला तोंडपाठ होतं. बाईंनी आपल्या घराची विचारली. त्याने सतरा नंबर काढून दिला. तो त्यांनी पदराच्या टोकाला बांधला.

"आणि बाकीच्यांच्या?" तो म्हणाला. "वितळवून टाकतो आजच."

"म्हणजे कुणाला कळायला नको." बाई दाराशी पोचल्या होत्या. "नेऊन दे ज्याच्या त्याला. हातात."

"काय सांगू त्यांना?"

"एवढं बोलता येतं तुला, मुक्या. आता मला कळलंय ते."

त्याने किल्ल्या दोन डब्यांत भरल्या. कुठून सुरुवात करावी हे त्याला ठाऊक होतं, म्हणून तो आधी गल्लीला दोन फेऱ्या मारून आला. मग वळणावरच्या घराची कडी वाजवली. नर्सने दार उघडलं. भर दुपारी ती घरच्या कपड्यांत होती. त्याला पाहून तिला बरं वाटलेलं दिसलं. या दिवसांत तिच्याकडे कुणी फिरकत नव्हतं. काका, आत या ना, पाणी आणते, असं ती म्हणाली.

तो उंबऱ्याबाहेरच थांबला. डब्यातून एकोणसत्तर नंबरची किल्ली काढून त्याने पुढे केली.

"ही तुमची."

तिने किल्ली उलटसुलट करून पाहिली, मग कनवटीला हात लावून पाहिला आणि हसली.

"नाही हो काका. माझी तर माझ्याजवळ आहे."

ती हसतच त्याच्याकडे पाहत होती. आता पुढचं त्यालाच बोलायचं होतं.