तडा कुणी पाडला?

मित्रांनो, जळगावात प्रेमराजभाऊंच्या अंगणात, कडुलिंबाच्या झाडासमोर भिंतीला टेकून जी वाकडी जुनी काच उभी आहे ना, ती मी. एके काळी मी त्यांच्या गाडीची पुढची काच होते. आता माझ्या अंगावर एका कोपऱ्यापासून पार मध्यापर्यंत लांब तडा गेलेला आहे. येणारे जाणारे त्यावर बोट फिरवतात आणि विचारतात, "हे कुणी केलं हो?" जो तो आपल्या मनातलं एक नाव धरूनच विचारतो. म्हणून म्हटलं, आपणच सगळं सांगावं.

वाळू भट्टीत वितळवून मला घडवलं. खरं तर आम्ही दोघी बहिणी, दोन पातळ काचा. मध्ये पारदर्शक पडदा घालून आम्हाला जन्मभरासाठी चिकटवून टाकलं. कधी मार बसलाच तर आमचे तुकडे आतल्या माणसांच्या तोंडावर उडू नयेत, एवढ्यासाठी. मग एका पांढऱ्या गाडीच्या कपाळावर मी बसले आणि ती गाडी प्रेमराजभाऊंच्या दारी आली. त्यांच्या पत्नी पुष्पाबाई यांनी माझ्या कोपऱ्यात कुंकवाचं स्वस्तिक काढलं. त्यांचा हात इतका हलका, की बोट टेकलेलं मला कळलंसुद्धा नाही.

पण मित्रांनो, माझा स्वभाव मुळात संशयी. पुढच्या काचेला तो लागतोच. समोरून येणारा प्रत्येक ट्रक मला वैरी वाटायचा. सावद्याकडून केळी भरून येणाऱ्या ट्रकच्या चाकांत खडी अडकलेली असते. ती कधी सुटेल आणि कुणाच्या तोंडावर येईल, सांगता येत नाही. एकदा तशीच एक सुटली आणि माझ्या कोपऱ्यातून मोहरीएवढा टवका उडाला.

गाडी चालवायला नथ्थू होता. पिंपळनेरकडचा माणूस, बोलणं कमी. रोज सकाळी जुन्या धोतराच्या मऊ फडक्याने मला पुसायचा. टवका पाहून तो भाऊंना म्हणाला, "भाऊ, आत्तेच भरी ल्या, नही ते वाढी जाई."

भाऊ हसले. "मोहरीएवढा तर आहे. तुझं आणि गॅरेजवाल्याचं काही ठरलंय का रे?"

नथ्थू पुन्हा मला पुसायला लागला. टवका तसाच राहिला.

भाऊंचा व्यापार केळीचा. घड वरून कितीही पिवळाधमक असो, आतून काळा असेल ही शंका आधी. धंद्यात ती शंका त्यांच्या उपयोगी पडायची. पण घरी येताना चपला दाराबाहेर काढाव्यात, तशी ती काढून ठेवणं त्यांना कधी जमलं नाही.

यंदा अधिक महिना आला तो ऐन उन्हाळ्यात. पुष्पाबाईंचं नित्यनेमाचं व्रत बारा महिने असतंच, अधिकात त्यात भर पडते. एकवेळ जेवण, देवापुढे अखंड दिवा, आणि सकाळी उठल्यापासून दिवेलागणीपर्यंत मौन. काही हवं नको ते हाताच्या खुणेने सांगायच्या. घरातल्यांना सवय झाली होती.

त्याच दिवसांत पहूरला नात्यातल्या एक म्हाताऱ्या बाई वारल्या. भाऊ आणि त्यांचे काका झुलालनाना मयतीला गेले. परत आलो तेव्हा भर दुपार होती. आपल्याकडचं वैशाखातलं, जेठातलं ऊन तुम्हाला काय सांगायचं? लोखंडाला हात लावला तर फोड येईल. मी तर तव्यासारखी तापले होते.

मयतीहून आलेली गाडी पाणी ओतल्याशिवाय फाटकाच्या आत घ्यायची नाही, हा त्या घरचा रिवाज. पुष्पाबाई फाटकाशी तयारच होत्या. एरवी त्या नळाचं पाणी घेत. पण त्या दिवशी टाकीतलं पाणी चटका बसेल इतकं कढत होतं. उन्हातून आलेल्या गाडीला तरी गार वाटावं, म्हणून त्यांनी माठातलं पाणी घेतलं आणि त्यात लिंबाचा पाला टाकला. कळशीतलं थोडं बॉनेटवर शिंपडलं, आणि उरलेलं सगळं माझ्यावर ओतलं.

टच.

एवढासाच आवाज. त्या मोहरीएवढ्या टवक्यातून केसासारखी एक रेघ निघाली आणि वायपरखाली जाऊन लपली. पुष्पाबाईंनी मान वर करून झाडाकडे पाहिलं. बाकीचे पाय धूत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती रेघ बोटभर झाली. नथ्थू फडकं घेऊन आला, त्याने वायपर उचलला आणि थबकला. तेवढ्यात ओट्यावर चहा पीत बसलेल्या भाऊंनी त्याला पाहिलं.

"काय केलंस तिथे?"

"भाऊ, मी आत्तेच दखं. तडा पडेल शे."

"आत्ताच पाहिलास, आणि हात आधीपासून तिथेच?"

"पुसाले गऊ ते दिसना, भाऊ. मी काच कसाले फोडसू?"

भाऊंनी चहाचा कप खाली ठेवला आणि गाडीचा कोपरान् कोपरा धुंडाळला. मागच्या सीटखाली तंबाखूची पुडी सापडली. ती त्यांनी दोन बोटांत धरून नथ्थूसमोर नाचवली. "तू तर खात नाहीस. मग हे गिऱ्हाईक कोण?"

मित्रांनो, ती पुडी झुलालनानांची. पहूरहून येताना त्यांनी चिमूट मळली आणि पुतण्याला दिसू नये म्हणून पुडी हळूच सीटखाली सरकवली. माझ्या अंगावर चिकटवलेल्या आरशात मी ते सगळं पाहिलं होतं. पण काचेतून सगळ्यांना दिसतं, काचेचं कुणाला ऐकू येत नाही.

भाऊंच्या मनात हिशेब पक्का बसला. दुपारी सगळं घर पंखा लावून झोपतं, तेव्हा हा गाडी भाड्याने फिरवतो. कुठेतरी ठोकली, आणि आता साळसूदपणे पुसतोय. पुष्पाबाई दारात उभ्या होत्या. त्यांनी हाताने "असं नसेल" अशी खूण केली. भाऊंनी तिकडे पाहिलंच नाही.

दिवसागणिक तडा वाढत गेला, आणि मला बदलायचं ठरलं. अजिंठा चौफुलीकडे जाताना भाऊंनी किरणच्या टपरीसमोर गाडी थांबवायला लावली. सगळ्या मालकांचे ड्रायव्हर तिथे चहाला जमतात, मालकही येतात. खाली उतरून भाऊ मोठ्याने म्हणाले, "ड्रायव्हर ठेवताना जपून ठेवा बरं. आमच्याने गाडी परस्पर भाड्याने फिरवली आणि काच फोडली." कुणी हसलं, कुणी माझ्याकडे वाकून पाहिलं. माझ्या मागे स्टिअरिंगवर नथ्थू बसला होता. तो समोर बघत राहिला. त्या टपरीवर एकदा नाव गेलं, की गावात दुसरा कुणी मालक गाडीची चावी हातात देत नाही. हे त्याला माहीत होतं, आणि भाऊंनाही.

काचेच्या दुकानात भाऊंच्या संशयाला आणखी पालवी फुटली. नव्या काचेवरचा शिक्का त्यांनी चष्मा लावून वाचला, मग चष्मा काढून वाचला. फिटर अमृत चहा घ्यायला चला म्हणाला, तर, "मी इथेच बसतो. पाठ फिरली की माल बदलतो." टिचकी मारून त्यांनी नवी काच वाजवूनही पाहिली.

"भाऊ, हे केळं नाही," अमृत म्हणाला. "दाबून पिकलंय का बघताय की काय?"

"तू तुझं काम कर. आणि जुनी काच मला परत पाहिजे. नाहीतर पॉलिश करून दुसऱ्याच्या गळ्यात माराल."

"हिच्या गळ्यात बघा, केवढा तडा. हिला कोण घेणार?" असं म्हणत अमृतने कडेच्या काळ्या डिंकातून तार फिरवली आणि मला सोडवलं. खरं सांगते, नव्या काचेकडे मी काही चांगल्या मनाने पाहिलं नाही. बघू या किती दिवस टिकते, असंच मनात आलं. माणसाच्या सहवासात राहिलं की त्याची खोड लागते.

अशी मी मागच्या सीटवर आडवी होऊन घरी आले आणि या भिंतीला टेकले. समोरच देवघराची खिडकी. भाऊंनी नथ्थूला फाटकापाशीच सांगितलं, "उद्या ये, तुझं सामान घे आणि चावी दे."

दुसऱ्या दिवशी दुपारी तो आला. गाडीतलं आपलं फडकं, पाण्याची बाटली, असं काय काय पिशवीत भरू लागला. धुळ्याकडची गाडी त्याला गाठायची होती, तिथून पुढे पिंपळनेर. झुलालनाना ओट्यावरच्या खाटेवर डोळे मिटून पडले होते. भाऊ उभे राहून पिशवीत काय काय जातंय ते बघत होते.

खिडकीत पुष्पाबाई अखंड दिव्यात तेल घालायला आल्या. दिव्याला वारा लागू नये म्हणून वर काचेची चिमणी असे. नुकतेच हात धुतलेले. चिमणी फडक्याने उचलताना बोटावरचा पाण्याचा एक थेंब तापलेल्या काचेवर पडला.

टच.

चिमणीवर वरपासून खालपर्यंत रेघ गेली. पुष्पाबाई घाबरल्या. दिवा शांत तेवत होता, तरी त्यांनी आधी देवाकडे पाहिलं. आपल्या हातून काही चुकलं का, ही शंका त्यांच्या तोंडावर उमटलेली मी इथून पाहिली. मग त्या कान देऊन उभ्या राहिल्या, पण आवाज तर केव्हाच थांबला होता. हळूहळू त्यांनी मान वळवली आणि थेट माझ्याकडे पाहिलं.

दिवेलागण व्हायला अजून बराच अवकाश होता. संध्याकाळी सांगितलं असतं तर व्रतही राहिलं असतं. पण नथ्थूने पिशवी खांद्याला लावली होती.

पुष्पाबाई पायात काही न घालता तापलेल्या फरशीवर आल्या. "नथ्थूभाऊ, थांबा."

झुलालनाना उठून बसले. भाऊ म्हणाले, "अगं, तुझं मौन..."

"राहू द्या ते. काच माझ्या हातानं तडकली. मयतीहून आलात, तेव्हा मी माठाचं पाणी ओतलं ना, त्यानं. मला आवाजही आला होता. मला वाटलं, लिंबाची काडी मोडली."

"पाण्यानं कुठे काच फुटते?"

पुष्पाबाईंनी पदराआडून फडक्यात धरलेली चिमणी काढून त्यांच्या हातात दिली. "आत्ता पाण्याच्या एका थेंबानं तडकली." भाऊंनी ती उलटसुलट करून पाहिली. शंकेला जागा सापडेना, म्हणून म्हणाले, "आणि ती तंबाखूची पुडी?"

झुलालनाना लिंबाच्या शेंड्याकडे बघत म्हणाले, "पुडी मन्ही शे."

"मग नाना, इतके दिवस बोलला का नाहीत?"

"तू माले इचारं कोठे? तू ते नथ्थूलेच इचारी ऱ्हायंता."

भाऊंनी नथ्थूने मघाशी दिलेली चावी खिशातून काढली. "बरं, झालं ते झालं. घे."

नथ्थूने हात पुढे केला नाही. "अक्का, तुमनं मन मोठं शे. पन भाऊ टपरीवर बोलनात. मी जठे काम मांगाले जासू, तठे तो शब्द मना आधी जाई बसी."

भाऊ म्हणाले, "ऊन उतरू दे, जाऊ संध्याकाळी टपरीवर."

पुष्पाबाईंनी डोक्यावर पदर घेतला, दारातल्या चपला पायात सरकवल्या आणि फाटक उघडून त्या उभ्या राहिल्या. भाऊंनी एकदा उन्हाकडे पाहिलं, एकदा त्यांच्याकडे. मग तेही निघाले. मागून नथ्थू, आणि "मीबी येस" म्हणत झुलालनाना.

टपरी इथून दिसत नाही, तेव्हा भाऊ तिथे काय बोलले ते मी सांगू शकत नाही. परत आले तेव्हा त्यांचा आवाज बसलेला होता. आणि गाडी उन्हातून काढून लिंबाच्या सावलीत लावली, ती नथ्थूने.

शेजारच्या मंदाबाई कुंपणावरून म्हणाल्या, "मौन मोडलं म्हणे. आता अधिकाचं पुण्य कसं मिळायचं?" पुष्पाबाई नुसत्या हसल्या.

मित्रांनो, तापलेल्या काचेवर गार पाणी ओतू नका. लहानसा टवका दिसला तर लहान असतानाच भरून घ्या. आणि मनात कुणाबद्दल शंका आली, तर ती चारचौघांत नेण्याआधी घरातल्या प्रत्येकाला विचारा, स्वतःलाही विचारा. माझा तडा निदान दिसतो तरी. माणसाला गेलेला दिसत नाही, आणि माणसाला नवी काच बसवता येत नाही.

दुसऱ्या दिवशी पहाटे पुष्पाबाईंनी पुन्हा मौनाचा संकल्प केला. हातात पाणी घेऊन नेहमीचे शब्द म्हटले आणि शेवटी हळूच एक वाक्य जोडलं, "देवा, कुणाच्या नावाला बट्टा लागत असेल, तेवढं सोडून." मग ताम्हनात पाणी सोडलं आणि त्या गप्प झाल्या.