सातव्या बटणाची हाक

मी एक जुना रिमोट आहे, मित्रांनो, पण टीव्हीचा नाही. टीव्हीचा समजून आजवर दोन पाहुण्यांनी मला टीव्हीसमोर धरलं आहे आणि काही होत नाही म्हणून माझ्या पाठीत धपाटेही घातले आहेत. मी संगणकाचा रिमोट. वसमतच्या एका घरात, खिडकीजवळच्या पलंगावर, उशीच्या डाव्या अंगाला माझी जागा आहे. माझ्या बटणांवरचे आकडे पुसून गेले, पाठीचं झाकण केव्हाच हरवलं आणि पोटातले शेल रबराने बांधून ठेवले आहेत. दिसायला मी असा गरीब. पण या घरातल्या एका माणसाचं सगळं बोलणं माझ्या भरवशावर होतं, आणि त्यातलं एक वाक्य पोचवायला मला फार उशीर झाला. तेच तुम्हाला सांगायचं आहे.

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते मला माहीत नाही. मला आठवतो तो खोक्यातला अंधार आणि शेजारी बसलेली माझी जोडीदार. ती म्हणजे एक काळी डबी, काडेपेटीएवढी. तिची वायर संगणकाला जोडायची आणि तोंड माझ्याकडे ठेवायचं. मी डोळ्यांना न दिसणाऱ्या उजेडात बोलतो. ती पुढच्या काळ्या काचेतून ते पाहते आणि संगणकाला सांगते. मध्ये काही आडवं आलं की आमचं बोलणं बंद.

विश्वंभरराव सिद्धेश्वर धरणाच्या कालव्याच्या कचेरीत कारकून होते. निवृत्तीला थोडी वर्षं राहिली असताना त्यांनी हौसेने संगणक घेतला आणि त्याच्याबरोबर मी घरात आलो. तेव्हा गल्लीत काय माझा तोरा होता! संध्याकाळी विश्वंभरराव मला टॉवेलखाली लपवून, तोंड तेवढं बाहेर ठेवून खुर्चीत बसायचे आणि संगणकाला दरडावायचे, "चल, पुढचं गाणं लाव." आणि गुपचूप बटण दाबायचे. गाणं बदललं की शेजारच्या नर्मदाबाई तोंडाला पदर लावायच्या.

"अगं बाई! हे यंत्र तुमचं ऐकतंय. आमच्या घरातले तर माझं बी ऐकत न्हाईत."

पण एकदा त्या नेमक्या मधे उभ्या राहिल्या आणि गाणं काही बदलेना. "वहिनी, आडव्या होऊ नका," विश्वंभरराव म्हणाले, "त्या डबीला दिसत न्हाई." टॉवेलखालचं गुपित फुटलं आणि स्वयंपाकघरातून सरलाबाईंचं हसणं ऐकू आलं. सरलाबाई म्हणजे विश्वंभररावांच्या पत्नी. त्यांचं हसणं कायम स्वयंपाकघरातूनच यायचं. विश्वंभरराव रोज हाक मारायचे, "सरला, बस की जरा. काम काय पळून जाऊन राहिलंय?" आणि त्या रोज म्हणायच्या, "आले, एवढं झालं की आले." तोवर गाणी संपायची.

मग हातातले फोन आले आणि माझी रवानगी खणात झाली. तिथे जुन्या किल्ल्या, संपलेली पेनं आणि सुटा मांजा यांच्या संगतीत मी किती वर्षं काढली ते विचारू नका. आपल्याला कुणी विसरलं आहे, हे पहिले काही महिने फार लागतं. नंतर सवय होते.

पाच वर्षांपूर्वी विश्वंभररावांना लकवा झाला. उजवी बाजू गेली आणि वाचाही गेली. समजत सगळं होतं, पण तोंडातून शब्द फुटत नव्हता आणि हाताला अक्षर जमत नव्हतं. डावा अंगठा तेवढा शाबूत होता. त्यांची मुलगी रेवती हिंगोलीला संगणकाच्या क्लासमध्ये शिकवते. दर रविवारी ती एसटीने यायची. एका रविवारी काहीतरी शोधता शोधता तिने खण उघडला, मला हातात घेतलं आणि तशीच उभी राहिली.

"आई," ती म्हणाली, "बाबांचा अंगठा चालतो ना? मग हा बोलेल."

तिने सहा बटणांना सहा वाक्यं जोडली. पाणी पाहिजे. औषध द्या. कूस बदला. पंखा लावा. दिवा मालवा. दुखतंय. सगळी सरलाबाईंच्या आवाजात. विश्वंभररावांनी बटण दाबलं की मी डबीला सांगायचो, डबी संगणकाला, आणि सरलाबाईंचाच आवाज घरभर घुमायचा, "पाणी पाहिजे." सरलाबाई हसून म्हणायच्या, "माझ्याच तोंडानं मलाच हुकूम सोडून राहिले हो तुमी!"

सातवं बटण रिकामं होतं. विश्वंभरराव तेच दाबत राहायचे आणि सरलाबाईंकडे बघत राहायचे. शेवटी सरलाबाईंना उमगलं. त्या लाजल्या. त्यांनी रेवतीला चहा ठेवायला आत पाठवलं, संगणकासमोर वाकल्या आणि नवऱ्याचा घोगरा आवाज काढून हळूच एक वाक्य बोलल्या. बोलता बोलता त्यांना हसू आलं. तेही त्या वाक्याबरोबर तसंच साठवलं गेलं. काय बोलल्या ते रेवतीला तेव्हा कळलं नाही. तिच्या यादीत सातव्या जागी नुसता आकडा होता.

ती चार वर्षं माझ्या आयुष्यातली सगळ्यात चांगली. रेवती घरात नसली की दिवसातून एकदा तरी सातवं बटण दाबलं जायचं, आणि सरलाबाई पदराला हात पुसत यायच्या आणि पलंगाच्या कडेला टेकायच्या. घडीभरच, पण यायच्या.

गेल्या वर्षी जुना संगणक थकला. चालू झाला तर झाला, नाहीतर दिवसभर गप्प. दसऱ्याच्या मुहूर्तावर नवा आणायचं ठरलं. आदल्या दिवशी खंडेनवमी. सरलाबाईंनी विळी, कात्री, शिलाई मशीन सगळं पुसून पाटावर मांडलं आणि शेवटी आम्हा दोघांना आणून ठेवलं. "तुमच्यामुळं यांचं तोंड चालतंय," त्या आम्हाला म्हणाल्या. माझ्या पाठीवर बोट टेकवलं. डबीची पुढची काळी काच त्यांना कपाळासारखी वाटली असावी. तेलात कालवलेलं हळदीकुंकू त्यांनी तिथे भरपूर लावलं, वर अक्षता दाबल्या, हात जोडले. वसमतची हळद ती, एकदा लागली की सुटायचं नाव घेत नाही.

मित्रांनो, माझ्या जोडीदाराचे डोळे त्या दिवशी मिटले. मिटवले ते इतक्या मायेने की मला आजही राग धरता येत नाही.

दुसऱ्या दिवशी नवा संगणक आला आणि आम्ही चालेनासे झालो. सगळ्यांनी नव्या संगणकाला दोष दिला, आणि तो काही अगदीच निर्दोष नव्हता. त्याची प्रणाली इतकी नवी की माझ्यासारखा म्हातारा तिच्या ओळखीतच नव्हता. माझ्याबरोबर आलेली सीडी रेवतीने शोधून काढली, तर नव्या संगणकाला सीडी घालायला जागाच नव्हती. तिने क्लासमधून ती उतरवून आणली. संगणक म्हणाला, हे फार जुनं आहे, मी घेणार नाही. दिवाळी गेली. प्रत्येक रविवारी ती यायची, खुर्चीत बसायची, डोळे लाल करून परत जायची. मधे तिने कीबोर्डच बाबांच्या पोटावर ठेवून पाहिला. त्यांच्या पंज्याखाली एकदम पाच बटणं दाबली जायची आणि सगळी वाक्यं एकमेकांवर आदळायची. त्यांनीच तो बाजूला सारला.

संक्रांतीनंतर तिला कुणा परदेशी माणसाने लिहिलेला एक छोटा प्रोग्राम सापडला, माझ्यासारख्या टाकून दिलेल्या रिमोटांसाठी बनवलेला. तिने तो बसवला, सात बटणं पुन्हा जोडली. संगणकावर हिरवी खूण आली. रेवती टाळी वाजवून म्हणाली, "झालं! बाबा, दाबा."

त्यांनी दाबलं. मी जीव तोडून बोललो. काही झालं नाही.

तिने शेल बदलले. वायर काढून पुन्हा लावली. मग डबी पुसायला फडकं घेतलं, तेवढ्यात सरलाबाई पुढे झाल्या. "राहू दे गं. पूजेचं हाय ते. खंडेनवमीचं कुंकू कुणी पुसतंय व्हय?" रेवतीने फडकं खाली ठेवलं. तिला वाटत होतं, माझं बोलणं मोबाइलसारखं भिंतीतूनही आरपार जात असेल. टॉवेल आणि नर्मदाबाईंची गंमत झाली तेव्हा ती शिकायला नांदेडला होती.

"रिमोटच गेला आई," ती म्हणाली. "आता नाही व्हायचं हे."

सरलाबाईंनी देवघरातली घंटी नवऱ्याच्या हाताशी ठेवली. घंटी वाजली की त्या यायच्या. पण घंटीला एकच शब्द येतो. त्या पाणी आणायच्या, औषध आणायच्या, कूस बदलायच्या, पंखा लावायच्या. एक झालं की दुसरं. विश्वंभरराव नाही म्हणून मान हलवायचे आणि मला उचलून सातवं बटण दाबून दाखवायचे. त्या कपाळावरचा घाम पुसत म्हणायच्या, "व्हय, व्हय. बंद पडलंय, मला कळतंय. किती तकलीफ होऊन राहिली तुमाला." आणि निघून जायच्या. त्यांचे पाय सुजलेले असायचे, दम लागलेला असायचा. ते विश्वंभररावांना पलंगावरून दिसत होतं, मलाही दिसत होतं. म्हणूनच तर ते दाबत होते. दिवसातून वीस वेळा मी ते वाक्य ओरडलो असेन. समोर डबी बसलेली, कपाळभर कुंकू लावून, आंधळी.

फाल्गुनातल्या एका दुपारी स्वयंपाकघरात पातेलं पडलं. नंतर काहीच आवाज आला नाही. विश्वंभररावांनी घंटी वाजवली. ती ते वाजवतच राहिले. नर्मदाबाई पलीकडच्या अंगणातून धावत आल्या, तेव्हा सरलाबाई ओट्याला पाठ टेकून खाली बसलेल्या होत्या. दमून बसावं तशा. त्या पुन्हा उठल्या नाहीत.

त्यानंतर रेवती इथेच राहायला आली. आता ती एसटीने हिंगोलीला जाते, दुपारी परतते, तोवर नर्मदाबाई बसतात. सुरुवातीला तिने मला आणि डबीला पिशवीत भरायला घेतलं होतं. विश्वंभररावांनी डाव्या हाताने डबी घट्ट धरली, सोडली नाही. डबीवरच्या वाळलेल्या कुंकवात सरलाबाईंच्या बोटाचा ठसा होता. रेवतीच्याही ते ध्यानात आलं. संगणकाला जोडलेली वायर तिने तशीच राहू दिली. संगणकातल्या आईच्या आवाजांना हात लावायची मात्र तिची छाती झाली नाही.

ते दिवसभर डबी मुठीत ठेवायचे आणि अंगठा त्या ठशावरून फिरवायचे. त्यांना काही पुसायचं नव्हतं. त्यांना फक्त सरलाबाईंना हात लावायचा होता. अक्षता गळाल्या. मग कुंकवाची कड झिजली, मग हळद. चादरीवर लाल पिवळी भुकटी पडायची आणि रेवती ती झटकायची. ठसा रोज थोडा थोडा जात होता, आणि ते बघून विश्वंभररावांच्या डोळ्यांतून पाणी यायचं, तरी अंगठा थांबायचा नाही.

एका संध्याकाळी, दिवा लावायच्या वेळी, त्यांनी डबी छातीवर ठेवली, मला उचललं आणि जुन्या सवयीने सातवं बटण दाबलं. मीही सवयीनेच बोललो. आणि डबीने ऐकलं.

"सरला, बस की जरा. काम काय पळून जाऊन राहिलंय?"

घोगरा काढलेला सरलाबाईंचा आवाज, आणि शेवटी ते न आवरलेलं हसू.

रेवती स्वयंपाकघरातून पिठाच्या हातांनी धावत आली आणि दारातच थांबली. तिने संगणकाकडे पाहिलं, बाबांकडे पाहिलं, मग त्यांच्या छातीवरच्या डबीकडे. काच स्वच्छ होती. कुंकवाचा कण उरला नव्हता. तिला सगळं एकदम कळलं, आणि ते कळणं किती जड होतं ते मी तिच्या चेहऱ्यावर पाहिलं.

"बाबा," ती कशीबशी म्हणाली, "तुमी आईला हे म्हणून राहिले होते?"

त्यांनी मान हलवली. व्हय.

तिच्या हातात पाणी नव्हतं, औषध नव्हतं. ती तशीच पलंगाच्या कडेला बसली आणि खूप वेळ रडली. गॅसवरची पोळी करपल्याचा वास आला, तरी कुणी उठलं नाही.

आता रोज दिवेलागणीला ते सातवं बटण दाबतात. हाक सरलाबाईंच्या नावाने जाते आणि रेवती येते. मित्रांनो, माझ्यासारख्या जुन्या वस्तूंची पूजा जरूर करा, पण त्यांचे डोळे पुसायला भिऊ नका. आणि घरात कुणी आजारी माणूस पुन्हा पुन्हा काही दाखवत असेल, तर एकदा पाण्याचा पेला खाली ठेवा आणि त्याच्याजवळ नुसते बसून पाहा. सरलाबाई बसल्या असत्या. त्यांच्यापर्यंत हाक पोचली नाही, एवढंच.