सासूचं सोंग

फोटोची शेवटची फ्रेम तिने कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून ठेवली आणि बाळाला घ्यायला हात पुढे केले.

"झोपलंय, राहू दे," सासूबाईंनी त्याला खांद्यावर जरा वर सरकवलं. त्याच्या लाळेने त्यांचा खांदा ओला झाला होता. "हिने काय केलंय, कोपऱ्यात उभी केलीस ती?"

"आधी बाकीचे बघा ना, आई."

उद्या प्रदर्शन उघडणार होतं; तोवर फ्रेम घरातच भिंतीला रांगेत टेकवल्या होत्या. सगळ्या फोटोंत तीच होती आणि ते काढलेही तिनेच होते. लोक बायकांना ज्या साच्यांत बघतात, ते एकेक साचे तिने अंगावर चढवले होते: लाजून चूर झालेली नवरी, नाकावर चष्मा घसरलेली कारकून, कपाळाला आठ्या घातलेली नर्स.

सासूबाई बाळाला थोपटत एकेका फोटोपुढे थांबत होत्या. कारकुनापुढे खुदकन हसल्या.

"ही 'उद्या या' म्हणणार. वर केलेल्या बोटावरूनच कळतंय."

नर्सपाशी त्या वाकल्या.

"ही रागीट नाही गं. पाय भरून आलेत तिचे. टाच बुटाच्या बाहेर काढलीय बघ."

ती टाच आतापर्यंत कुणाच्याच नजरेत आली नव्हती.

"एका तोंडात किती जणी बसवल्यास," म्हणत सासूबाईंनी कोपऱ्यातली फ्रेम स्वतःच वळवली. घट्ट अंबाडा, हाताची घडी, एक भुवई वर.

"सासू," त्या म्हणाल्या.

"तुम्ही नाही हं, आई. लोकांना वाटते तशी. तुमच्या मनाला लागत असेल तर उद्या लावत नाही."

बोलून गेली खरी; पण सगळ्यांत जमलेला फोटो तोच होता. सासूबाई बघत राहिल्या. थोपटणारा हात थांबला नव्हता, एवढाच तिला आधार.

"भुवई झकास. माझ्या सासूची अश्शीच जायची." मग त्यांनी मागे वळून पाहिलं. "पण सासू आहे, तर सून कुठाय?"

"काढून पाहिली. जमेना. मी आहेच ना सून, सोंग काय आणणार?"

"घे याला."

बाळ तिच्या हवाली करून सासूबाई फोटोंसाठी टांगलेल्या पांढऱ्या पडद्यापुढे जाऊन उभ्या राहिल्या.

"आता मी सून. काढ."

एका हाताने बाळ सावरत तिने कॅमेऱ्यातून पाहिलं. वाटलं होतं, मान खाली घालतील, पदराशी चाळा करतील. सासूबाईंनी त्यातलं काहीच केलं नाही. साध्याच उभ्या राहिल्या, हसऱ्या. फक्त सगळा भार एका पायावर होता, आणि मान किंचित आतल्या दाराकडे.

"आई, मान जरा इकडे."

"असू दे. हाक येईल ना."

घरात हाक मारणारं आता त्यांच्याशिवाय कुणी नव्हतं. तिने बटण दाबलं.

सासूबाईंनी पदर सारखा केला, सासूची फ्रेम उचलली आणि बाकीच्यांच्या रांगेत नेऊन टेकवली. मग शेजारची नर्स हलकेच बाजूला सरकवली, मध्ये एक फ्रेम मावेल इतकी.