साक्षगंधाआधीचा लाल ग्रह

नातीचं हे कसलं वागणं, सुमित्राबाईंना समजेना. रविवारी साक्षगंध, पेढे सांगून झालेले, अन् गुंजन होणाऱ्या नवऱ्याचा फोनच उचलेना! काय तर म्हणे, नव्या गेमच्या चित्रात मागे लाल ग्रह आहे. तो म्हणतो मंगळ, ही म्हणते जळालेली पृथ्वी. मंगळ ऐकून त्या दचकल्याच. पत्रिका तर जुळली होती!

त्यांनी मोबाइल उलटा करूनही पाहिला. त्यांना तर संत्रंच दिसलं.

"चित्र काढणाऱ्यालेच विचारा नं दोघं," त्या म्हणाल्या.

"तो सांगत नाई, आजी. जगभरातली पोरं भांडून राह्यली."

"भांडू दे जगाले! ज्यानं काढलं तो गप्प, अन् तू नवरा सोडून राह्यली? उचल फोन, बावळट! लग्न करून भांडजो, रोज समोर सापडन."