बॅटरीवरची इभूत

त्या सकाळी चाकूरात थंडी अशी पडली की महादेवीच्या कोंबड्यानं आरवायला चोच उघडली, ती ऊन पडंपर्यंत मिटलीच न्हाई. ह्यात खोटं काय बी न्हाई, गुरम्मानं भिंतीवरून सोताच्या डोळ्यानं बघितलं. कोंबडा वैऱ्याच्या घरचा, म्हणून तिला बरंच वाटलं.

वैरी म्हंजे तिच्या नवऱ्याचा, संगप्पाचा, सख्खा धाकटा भाऊ माणिकप्पा; महादेवी त्याची बायको. दोन घरात एक भिंत आन् शेतात एक बांध. बांधापायी सात वर्षं बोलणं बंद, शिव्या चालू. आज आठ वाजता मोजणीवाला साहेब शेतात येणार होता. नोटीस दोघांला बी होती. जो हजर नसंल त्याच्या माघारी खुंट्या ठोकल्या जाणार. माणिकप्पा उजाडायच्या आतच फटफटीवर गेला, जाताना ह्यांच्या दाराशी तीनदा हॉर्न वाजवून.

आन् हिकडं संगप्पाची जीप चालू व्हईना.

चावी फिरवली की नुसतं टक. परत फिरवली, टक टक. संगप्पानं स्टेअरिंगवर बुक्की हाणली.

"तुमच्या भावानं डिझेलात साखर टाकली," गुरम्मा म्हणली.

"चहात टाकताना जीव जातोय त्याचा, डिझेलात कुठनं टाकतोय!"

गुरम्मानं बॉनेटवर गोधडी घातली. रेडिएटरवर ऊन पाणी ओतलं. लिंबू उतरून फेकलं, ते बी भिंतीपल्याड. धक्का मारावा तर पुढं भिंत, मागं चढ, आन् माणसं दोनच, त्यातल्या एकाचा गुडघा गेलेला. शेत चौदा किलोमीटर. बस दहाला.

शेवटी संगप्पानं बॉनेट उघडलं आन् हात मागं घेतला. आत गुरम्माचा देव बसला होता.

त्याचं असं झालं. गुरम्मा दर सोमवारी गाडीची पूजा करायची. गाडीचा जीव बॅटरीत असतोय हे तिनं आपलं आपणच ठरवलं होतं, म्हणून नारळ फोडला की पाणी बॅटरीवर शिंपडायची. कार्तिकात एका सोमवारी बघती तर काय, बॅटरीच्या दोन्ही टोकांवर पांढरी फटक भुकटी फुललेली. इभूत! आपोआप! तिनं गल्लीत सांगितलं की रातच्याला बॉनेटखाली डमरू वाजला. दुसऱ्या घरी सांगस्तोवर नंदी बी आला, आन् तिसऱ्या घरी त्या नंदीनं तिच्या हातची भाकर खाल्ली. बाया आरत्या घेऊन यायला लागल्या. हात कुणी लावायचा न्हाई, लांबूनच दर्शन. रांग माणिकप्पाच्या दारापुढनं जायची आन् चपला त्याच्या पायरीवर निघायच्या. गुरम्माला तेच तर पाहिजे होतं.

"थोरल्या आत्याबाई, देव उठंना का?"

भिंतीवर सुकन्याचं डोकं आलं. माणिकप्पाची सून, आयटीआयात डिझेल मेकॅनिक शिकलेली.

"तुझ्या सासऱ्यानं काय करून ठेवलं, ते सांग आधी!"

"त्यांनी न्हाई, तुमी केलं. ती इभूत न्हाई, बॅटरीचं ॲसिड बाहेर येऊन फुललंय. तारंत करंटच जाईना. दुपारच्याला कशीबशी उठती गाडी. थंडीत बॅटरीचा दम आधीच अर्धा, वर ह्यो थर."

"तुला गं कसला आमचा कळवळा?"

"जळो कळवळा. महिना झाला, तुमच्या भक्तांच्या चपला मी झाडायलेय. मला ती रांग मोडायची हाय. तुमची मोजणी बुडाली तर बुडू द्या."

आतनं महादेवीचा आवाज आला, "सुकन्या! कुणाशी बोलायलीस?"

"भांडायलेय, आत्या!"

"मंग भांड!"

सुकन्यानं खायच्या सोड्याची वाटी आन् पाना भिंतीवर आदळला. "आधी मायनसची तार सोडा, मंग प्लसची. सोडा टाका, वरून ऊन पाणी. डोळे आन् हात जपा."

संगप्पा म्हणला, "गुरम्मा, सात वीस झाले. देव ठेवायचा का बांध?"

गुरम्मानं गळ्यातलं इष्टलिंग मुठीत धरलं. कार्तिकापासून गल्लीत तिचा मान वाढला होता. न विचारता लोक उठून जागा द्यायचे. ते सगळं एका तांब्याभर पाण्यात वाहून जाणार होतं. पर माणिकप्पा तिकडं खुंटी हातात घेऊन हसत उभा आसंल, हे डोळ्यापुढं आलं आन् तिचं पित्त खवळलं.

"महादेवा, तू काय, परत येशील. बांध न्हाई यायचा."

संगप्पानं तारा सोडल्या. तिनं सोडा टाकून पाणी ओतलं. बॅटरीवर फेस फसफसून वर आला, तशी ती उडी मारून मागं झाली. "तिसरा डोळा उघडला!"

"सोडा हाय तो, आत्याबाई. घासा."

संगप्पानं पॉलिश पेपरनं घासून चकचकीत केलं, आधी प्लस आन् मंग मायनस आवळलं, वर व्हॅसलीन फासलं. इंजिन तापवणाऱ्या हिटरचा पिवळा दिवा विझंपर्यंत थांबला आन् चावी फिरवली. जीप खोकली, थरथरली, आन् काळ्या धुराचा लोट सोडत भुर्रकन चालू झाली. धूर सरळ भिंतीपल्याड. महादेवी खोकत बाहेर आली आन् तिला पाना दिसला.

"ह्यो आमचा पाना! रांडे, वैऱ्याची गाडी चालू करून दिलीस?"

"त्यांचा देव पुसला की मी!" सुकन्या ओरडली.

दोघींचं काय झालं ते ऐकायला गुरम्मा थांबली न्हाई. आठला चार कमी असताना शेतात जीप घुसली, हॉर्न तीनदा वाजवत. माणिकप्पाचं तोंड एरंडेल प्याल्यावानी झालं. साहेबानं मशीन लावलं, मोजलं, खुंट्या ठोकल्या. बांध जिथं होता तिथंच निघाला, वीतभर बी हिकडं न्हाई का तिकडं न्हाई. दोघा भावांनी सह्या केल्या आन् दोघं बी साहेबावर चिडून घरी आले.

सोमवारी बाया आरत्या घेऊन आल्या. बॉनेटखाली नुसती चकाकती बॅटरी.

"इभूत कुठं गेली ओ, गुरम्मा?"

गुरम्मानं पदर डोळ्याला लावला. "पापणी लवायच्या आत भिंत वलांडून गेली, बाई. धाकल्याच्या इन्व्हर्टरच्या बॅटरीवर जाऊन बसली. आता तिथंच जावा. आत, पार सैपाकघरापर्यंत."

रांग वळली. घटकाभरात भिंतीपल्याडनं सुकन्याची बोंब ऐकू आली, आन् तिच्याहून मोठ्यानं महादेवीची:

"खबरदार, सुकन्या, सोड्याची वाटी खाली ठेव! या ओ बायांनो, या, चपला शेजारच्या पायरीवर काढा!"